अकरा डब्या

प्रयोगशाळेत अकराव्या डबीतला शौचाचा नमुना काचेवर पसरून तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. पुन्हा जंतांची तीच अंडी, पुन्हा न पचलेल्या गाजराचे तेच तुकडे. चौथीच्या अकरा मुलांना जंत झाले असतील, तिथवर ठीक. पण अकरा घरांत एकाच दिवशी गाजर? तिने झाकण लावलं आणि सरळ शाळा गाठली.

आधीच्या दहा डब्यांचा निकाल कळल्यापासून मुख्याध्यापक पाण्याची टाकी फोडायलाच निघाले होते.

"साथ आहे हो ही. उद्या पालक दारात उभे राहतील."

"थोडं थांबा, सर. मुलांशी बोलून येते."

मधली सुट्टी होती. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं होतं. नळाजवळच्या पायरीवर एक मुलगी एकटीच डबा उघडून बसली होती. डब्यात गाजर होतं. ती जाऊन मुलीच्या शेजारी टेकली.

"सगळ्यांच्या डब्या तू भरल्यास?"

मुलीने मान खाली घातली.

"ते घरून आणायला विसरले होते. बाई ओरडल्या असत्या. माझ्याकडे खूप होती, मग काडीने दिली थोडी थोडी." पुढे ती म्हणाली, "माझ्यापुढे रांग लागली होती. सगळे बोलले माझ्याशी."

ते ऐकून तिला हसू आलं, आणि मग स्वतःचं आठवलं. प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये तिच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असायची. 'शीवाल्या बाई' हे आपलं नाव तिला ठाऊक होतं. ती ते हसण्यावारी न्यायची, पण लागायचं ते लागायचंच.

"आता सगळ्यांना कळणार, जंत माझेच आहेत ते?" मुलीने विचारलं.

ती उठून मुख्याध्यापकांकडे गेली.

"टाकी फोडू नका, सर. माझ्या हातून डब्यांची सरमिसळ झाली. नमुने मी पुन्हा घेईन, या वेळी माझ्यासमोर. जंतांची गोळी मात्र सगळ्या वर्गाला द्या."

"तुमच्या हातून? वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय."

"मीही," ती म्हणाली.

परत येईपर्यंत मुलीने गाजराचे दोन तुकडे केले होते. मोठा तिच्यापुढे धरला.

"खाल?"

कँटीनमध्ये तिच्या डब्यातलं कुणी खात नसे आणि आपल्यातलं तिला कुणी देत नसे. तिने तो तुकडा घेतला, मग मुलीच्या नखांकडे पाहिलं.

"आधी हात," ती म्हणाली.

दोघींनी नळाखाली साबण लावून हात धुतले. मग गाजर धुतलं. मग पायरीवर बसून खाल्लं.