न सांगितलेलं निदान

प्रितमच्या तळहातावरचे फोड लांबट होते, तांदळाच्या दाण्याएवढे. मधे राखाडी, कडेला लाल. तळपायांवरही तसेच. तोंडात व्रण, छाती-पोट मात्र कोरं. कांजण्या सगळ्या अंगावर उठतात, या फोडांनी तेवढ्याच जागा धरल्या होत्या. गावच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी दीपमाला हिने तीन दिवसांपूर्वीच वहीत बरोबर नाव लिहिलं होतं: हात-पाय-तोंडाचा आजार.

घरात मात्र ते सांगितलं नव्हतं. तीन वर्षांच्या नातवाचे फोड पाहून नंदाबाईंनी आधीच माता आली असं ठरवलं होतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता, फोडणी बंद केली होती. म्हणजे आता दुसरी पोरं या घरात येणार नव्हती, प्रितम अंगणवाडीत जाणार नव्हता. साथ रोखायला दीपमालाला तेवढंच हवं होतं. शिवाय बोललं की, ती बौद्ध म्हणून, 'तुमच्यात देव कुठं मानतात' हे ऐकावं लागलं असतं. गावात ते तिने पूर्वी ऐकलं होतं. पेज, पातळ ताक पाजत राहा, एवढं सांगून ती निघाली होती. बहुतेक मुलं आठवड्यात बरी होतात.

आज सकाळपासून प्रितमला तीन उलट्या झाल्या होत्या. आईच्या मांडीवर त्याचा डोळा लागला की तो हातपाय झटकून दचकायचा. दीपमालाने घड्याळ लावून मोजलं. पाच मिनिटांत सात वेळा. उभं केलं तर पाय लटपटले. आजार मेंदूपर्यंत गेल्याची ही खूण तिने पुस्तकात वाचली होती, कधी पाहिली नव्हती.

घनसावंगीहून जीप मागवते, जालन्याला न्यावं लागेल, असं ती म्हणाली. नंदाबाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला.

"माता खेळून राह्यली मॅडम अंगात. पाचव्या दिवशी न्हाऊ घालू, मंग न्या कुठं न्यायचं तिथं. आत्ता उंबऱ्याबाहेर काढलं, सुई टोचली, तर कोपंल ती. आन् त्या दिवशी तुम्ही डहाळा बघून गेल्त्या की. काही बोलल्या का?"

प्रितमची आई दीपमालाकडे बघत होती. पोर पुन्हा दचकलं. कदाचित आता नेऊनही उपयोग नव्हता. आणि वाया गेलेल्या तीन दिवसांचा दोष नंदाबाईंचा नव्हता, दीपमालाचा स्वतःचा होता.

"ही माता नाही, आजी," दीपमाला म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मी सांगितलं नाही."