पिलांचं कुंकू

राहू गावाला दहाव्याला निघाले तवा सुनेला बजावलं होतं, "मोनिका, पिलं डालग्याखालीच राहू दे. जुन्या कोंबड्यांना बघून बघून सवय झाली, मगच सोडायची."

"व्हय, आत्याबाई."

बल्बच्या उबेला खोक्यात ठेवून तिनंच ती वाढवली होती.

सांजच्याला परत आले तर अंगणभर पिसं आन् मेलेली पिलं. मोनिका ओट्यावर बसलेली, पदरात एकच जितं पिलू. त्याच्या डोक्यावर कुंकू, त्यातच रक्त.

"हे काय गं?"

"पहिल्यांदाच अंगणात सोडायची, म्हणून हळदी-कुंकू लावलं. कोंबड्या नेमक्या तिथंच टोचायला लागल्या."

"अगं शहाणे, लाल दिसलं की कोंबडी टोचणारच! पूजा करायला तो काय नवा ट्रॅक्टर व्हता?"

मी तव्याची काजळी तेलात कालवून आणली, लाल झाकावं म्हणून पिलाच्या डोक्याला लावायला लागले. लावता लावताच त्यानं मान टाकली. मोनिका अजून त्याच्या पाठीवरनं बोट फिरवत होती.

"आता लाल दिसत न्हाई, आत्याबाई."

"न्हाई दिसत," म्हणाले, आन् पिलू तिच्या पदरातून काढून घेतलं.