चौथ्या नंबरचा सौदा

“चोर आहात तुम्ही. साहेब म्हणायची पद्धत आहे म्हणून साहेब म्हणतो, पण चोर आहात. चौथा नंबर आमचा होता. अख्खा मोसम मार खाल्ला तेव्हा कुठे मिळाला होता. आणि तुम्ही तो काल सगळ्या देशासमोर दुसऱ्या गावाला देऊन टाकलात. आम्हाला काय? पुढच्या वर्षी बघू! त्याच्या पुढच्या वर्षी बघू! तोवर आम्ही काय—”

टूं. टीमच्या कारभाऱ्यावर राग काढायला रेडिओवाल्यांनी ठेवलेल्या तक्रारींच्या लाइनवर एवढंच बोलू देत असत. लेस्टर स्टॅसिकने डाव्या अंगठ्याने परत तीच लाइन लावली. उजवा हात त्याला हलवायचा नव्हता. त्यात दोन जाड सुया होत्या, आणि त्यांना लावलेल्या नळ्यांतून त्याचं रक्त शेजारच्या यंत्रात जाऊन, धुऊन परत येत होतं.

“परत लावतोय बघा,” पलीकडच्या खुर्चीतून गस पेलेग्रिनो म्हणाला. “अरे, तिकडे कोणी ऐकत नाही. यंत्र आहे ते.”

“इकडेही यंत्रच आहे. त्याला रोज रक्त देतोच ना?”

“रोज नाही. दिवसाआड.”

आठवड्यातून तीनदा माणसाला सकाळी खुर्चीत बसवायचं, हात बांधल्यासारखा ठेवायला लावायचा आणि वर सांगायचं की शांत राहा, रक्तदाब चढेल. शांत राहून कोणाचं काय भलं झालंय? लेस्टरचा पाय सकाळपासून थांबला नव्हता. तो हलला की खुर्ची हलायची, खुर्ची हलली की नळी, आणि मग यंत्र बोंबलायचं. आताही ते बोंबललं. नर्स रॅमोना आली, बटण दाबून तिने आवाज बंद केला आणि लेस्टरच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मि. स्टॅसिक, आज हा पाय मी बांधून ठेवणार आहे.”

“हात बांधलात, आता पाय बांधा. तोंड राहिलं.”

“ते आधी बांधायला हवं होतं,” ओडेसा टॉलबर्ट म्हणाली. तिची खुर्ची खिडकीजवळ होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला होता, आणि शाळेच्या फुटबॉल टीममधल्या कित्येक पोरांची पोटं तिने भरली होती. पाणी मोजूनमापून प्यायचं असल्यामुळे ती बर्फाचा एकच खडा गालात धरून बसायची आणि त्यामुळे तिचं बोलणं नेहमी एका बाजूने यायचं.

वरच्या टीव्हीवर फुटबॉलचा कालचा ड्राफ्ट परत दाखवत होते. कॉलेजातली पोरं नव्या सुटात एकेक करून स्टेजवर येत होती आणि टीमा आपापल्या नंबरप्रमाणे त्यांना उचलत होत्या. सगळ्यात जास्त हरलेल्याला सगळ्यात आधी उचलायला मिळतं, हा एवढाच न्याय या खेळात उरला आहे. चौथ्या नंबरवर एक क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा मुख्य गडी, हाताशी आला होता, उंच, खांदा तोफेसारखा. आणि ऐन वेळी टीमच्या कारभाऱ्याने तो नंबर विकला. बदल्यात आलं काय, तर या वर्षीचा खालचा एक नंबर, आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले नंबर.

“तक्त्यात बघ ना,” गस म्हणाला. त्याचा मोबाइल त्याच्या पोटावर उभा होता. न्हाव्याच्या दुकानात चाळीस वर्षं लोकांची डोकी धरून त्याने हीच चर्चा केली होती. दुकान गेलं, चर्चा राहिली. “प्रत्येक नंबरला गुण असतात. आपण दिले त्यापेक्षा आपल्याला जास्त मिळाले. कितीतरी जास्त. लुटलंय आपण त्यांना.”

“तक्ता मैदानात उतरतो का रे?”

“आणि तो पोरगा उतरून काय करणार होता? त्याच्यापुढे उभं राहायला कोण आहे आपल्याकडे? त्याला वाचवणारी आपली फळी म्हणजे उघडं फाटक. ऑक्टोबरपर्यंत त्याची हाडं गोळा करत बसलो असतो.”

“मग फाटक लाव! पोरगा कशाला देतोस?”

“दोन वर्षांत फाटक लागेल आणि पोरगाही येईल. धीर धर.”

“दोन वर्षं,” लेस्टर म्हणाला. “या खोलीत बसून मला दोन वर्षं सांगतोस?”

गसने मोबाइल सरळ केला. दाराशेजारची खुर्ची रिकामी होती. मंगळवारी त्यांच्यातला चौथा गडी तिथे येऊन बसला नव्हता, गुरुवारी कोणी विचारलं नव्हतं, आणि आज तिच्यावर नवी चादर होती.

लेस्टरने रेडिओची लाइन बंद केली आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. मग उचलून बघितला. परत पालथा ठेवला. आज त्याला दुसरीकडून फोन येणार होता. इस्पितळातल्या किडनी रोपणाच्या ऑफिसातल्या मिस हॅलोरनला दुपारच्या आत त्याचं हो किंवा नाही हवं होतं.

हकीकत अशी होती की डॅरिलने, लेस्टरच्या थोरल्याने, बापाला आपली एक किडनी देऊ केली होती. रक्तगट जुळला नाही. तेव्हा ऑफिसने अदलाबदल सुचवली. डॅरिलची किडनी आत्ता एका परक्या माणसाला द्यायची, तो माणूस कुठल्याशा इस्पितळात तयार होऊन बसला होता. आणि लेस्टरला जुळणारी किडनी जेव्हा कुठे निघेल तेव्हा यादीत त्याचं नाव सगळ्यांच्या वर. कधी निघेल ते कोणी सांगत नव्हतं. डॅरिलने एका श्वासात हो म्हटलं होतं.

पण हा आजार स्टॅसिकांच्या रक्तातला. लेस्टरच्या बापाला होता, लेस्टरला आला, आणि दोन पोरांपैकी डॅरिलला सोडून धाकट्या जोनला चिकटला. जोन एकतीस वर्षांची. अजून धावते, अजून हसते, डॉक्टर म्हणतात दहा-पंधरा वर्षं काही होणार नाही. मग होईल. डॅरिलचा रक्तगट बापाला जुळत नसला तरी बहिणीला जुळत होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि जेवायला बसल्यावर कोणीही काढत नव्हतं. जोनने एकदाच काढलं. “बाबा, घेऊन टाका,” ती म्हणाली होती, आणि लगेच बटाट्यांची वाटी मागितली होती.

“मला एक कळत नाही,” ओडेसा म्हणाली. बर्फ वितळून गेला होता, आता तिचं बोलणं दोन्ही बाजूंनी येत होतं. “तो पोरगा गेला कुठे? ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडे आज दिवाळीच असेल की.”

“असू दे ना,” गस म्हणाला.

“असू दे कसं? त्यांनाही बिचाऱ्यांना वीस वर्षांत काही मिळालं नाही.”

“ओडेसाबाई, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या?”

“मी जेवू घालणाऱ्यांच्या बाजूची. जो भुकेला त्याच्या बाजूची.”

“तुम्ही टीमच बदला मग,” लेस्टर म्हणाला. “भुकेला! आपण काय जेवून उठलोय? आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढायचं आणि आपण वाट बघायची. आणि ज्याने वाढलं त्याला कोणी विचारायचं नाही. मी सांगतो, पुढच्या वर्षी तो साहेब जाग्यावर नसेल. हाकलतील त्याला. चार वर्षांत तीन हाकलले. मग ते पुढचे नंबर घेऊन काय करायचं? त्याच्या बायकोने फ्रेम करून लावायचे?”

“हाकलू देत की,” ओडेसा म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे तो गेला तर नंबर जातात होय रे? ते काय त्याच्या नावावर असतात? टीमच्या नावावर असतात. तो जाईल, दुसरा येईल, तो वापरेल. एवढी वर्षं बघतोयस आणि हे मी सांगायचं तुला?”

“ते मला माहीत आहे,” लेस्टर म्हणाला.

“मग झालं.”

“ते मला माहीत आहे,” तो पुन्हा म्हणाला, पण हळू. त्याचा पाय थांबला होता. रॅमोनाने लांबून मान वर करून बघितलं. इतका वेळ यंत्र बोंबललं नाही तर तिला काळजी वाटायची.

गसला वाटलं आपण जिंकलो. “बघ, बाई पण म्हणतायत. चांगला सौदा आहे.”

लेस्टर टीव्हीकडे बघत होता, पण टीव्हीवर आता गवत कापायच्या यंत्राची जाहिरात चालली होती.

डॅरिल आला तेव्हा अजून थोडं रक्त धुवायचं बाकी होतं. अंगात गोदामातलं केशरी जाकीट, डोक्यावर टीमची टोपी. एक स्टूल ओढून तो बापाच्या बांधलेल्या हाताच्या बाजूला बसला.

“कोण जिंकलं?” त्याने विचारलं.

“मी,” गस म्हणाला.

“मी,” ओडेसा म्हणाली.

“चांगला सौदा आहे बाबा, खरंच,” डॅरिल म्हणाला. “आपल्याला तो पोरगा बसत नव्हता. जे आपल्याला बसत नाही ते धरून ठेवण्यात काय अर्थ आहे? देऊन टाकायचं, आणि आपल्याला बसेल ते घ्यायचं.” बोलता बोलता त्याने चादर नीट केली. “तिचा फोन आला का?”

“नाही.”

“हो म्हणा. माझी सुट्टी मंजूर झालीय. नंतर मिळेल न मिळेल.”

“तू घाईत असतोस. लहानपणापासून. रांगायच्या आधी पळायला निघालास.”

“आणि तुम्ही नाही म्हणत असता. लहानपणापासून.”

“सायकलला नाही म्हटलं होतं का?”

“सायकललाच नाही म्हटलं होतं! जोनला दिलीत.”

नाव निघालं. डॅरिलने टोपी काढली, आतली पट्टी अंगठ्याने दाबली, परत घातली. गस डोळे मिटून झोपल्याचं सोंग करू लागला. ओडेसाने तेवढंही केलं नाही. ती सरळ बघत राहिली.

फोन थरथरला. लेस्टरने तो उचलला, आवाज मोठा केला आणि पोटावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“मि. स्टॅसिक? हॅलोरन बोलतेय. तुम्ही यंत्रावर आहात, मला माहीत आहे, फार वेळ घेत नाही. ठरलं का तुमचं?”

“डॅरिल इथे आहे. त्याला ऐकू येतंय.”

“छान. नमस्कार डॅरिल.”

“नमस्कार.”

“मला एक समजून घ्यायचंय,” लेस्टर म्हणाला. “याची किडनी जाणार. आत्ता. ती गेली की गेली.”

“हो. आत्ता.”

“आणि मला नंबर मिळणार. वरचा.”

“हो. तुम्हाला जुळणारी निघाली की पहिल्यांदा तुम्हाला विचारणार.”

“आणि निघायच्या आधी मी गेलो तर?”

पलीकडे कागद बाजूला सरकवल्याचा आवाज आला. “मि. स्टॅसिक, तसं आपण धरून चालत नाही.”

“मी धरून चालतो. माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची आहे.”

“बाबा,” डॅरिल म्हणाला.

“थांब रे. बाई, माझी एक मुलगी आहे. जोन स्टॅसिक. फायली तुमच्याकडेच आहेत, तिला हेच आहे. दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी तिला एक लागणार. याची तिला बसते. मला नाही बसत, तिला बसते. ही तिची आहे खरं तर. आम्ही तिच्या वाटणीची तुम्हाला देतोय.”

डॅरिल बापाकडे बघत होता. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. सायकलच्या वेळी राहिलं होतं तसंच.

“ते मला ठाऊक आहे,” मिस हॅलोरन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, ऑफिसातला राहिला नव्हता. “अवघड आहे ते. म्हणूनच तुमचं उत्तर—”

“माझं नंतर. आधी तुमचं.” लेस्टर उठून बसू लागला. नळी ताणली, यंत्र बोंबलायला लागलं, रॅमोना धावली आणि त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली, पण तो यंत्राच्या वरताण बोलत होता. “तो नंबर माझ्या एकट्याच्या नावावर आहे का आमच्या घराच्या? मी मेलो तर तो जोनला मिळणार का? चांगला सौदा आहे, वाईट सौदा आहे, हे नको सांगू. एवढंच सांग. आणि विचारून कळवते म्हणू नको. ज्याला विचारायचंय त्याला आत्ता, या लाइनवर घे. मी कुठे जात नाही, मला इथे बांधून ठेवलंय. हो का नाही? बोल.”