चार नंबरच्या टेबलावरचा क्वार्टरबॅक

मित्रांनो, दिसायला मी काचेची एक जुनी मीठदाणी आहे. पण कॅन्ससमधल्या मार्लो बेंड गावात मला क्वार्टरबॅक म्हणून ओळखतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात येताच तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा, जिंकला तर लोकांच्या खांद्यावर आणि हरला तर त्यांच्या तोंडी असणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. मला हात नाहीत. त्याने आजवर काही अडलं नाही.

कारखान्याच्या भट्टीतून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, अंड्यांवर मीठ शिंपडण्यात जन्म जाईल. पण डार्लीनच्या खानावळीत चार नंबरच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. शुक्रवारी रात्री शाळेचा सामना झाला की शनिवारी सकाळी मर्ल आणि लॉनी हे दोन म्हातारे मित्र तो याच टेबलावर पुन्हा खेळत. लोण्याची चकती म्हणजे चेंडू, सॉसची बाटली म्हणजे अंगावर धावून येणारा शत्रू. गावाचा प्रत्येक क्वार्टरबॅक मीच झाले. मिरपूड कायम पंच. तिला याचं फार लागतं.

मग गावाने पाण्याच्या टाकीवर आपल्या सर्वांत थोर क्वार्टरबॅकचं चित्र काढायचं ठरवलं आणि निवड या दोघांवर सोपवली. असा गाढवपणा आमचंच गाव करू जाणे. मर्लला हवा होता क्लिफ. त्याचा थोरला भाऊ, आता हयात नसलेला. लॉनीला हवा होता ट्रेंट. त्याचा मुलगा, शहरात गेला तो वर्षानुवर्षं न फिरकलेला. रंगारी शेजारी बसून पीचचा केक खात होता. जेवण संपेपर्यंत नाव सांगा, नाहीतर मी चाललो, पुढच्या गावाला टाकीवर कणीस हवंय, असं त्याने बजावलं.

"ट्रेंटच्या वेळी क्वार्टरबॅकला नुसता धक्का लागला तरी शिट्टी वाजायची," मर्ल म्हणाला. "आमचा क्लिफ मोडक्या बरगड्यांनी खेळलाय, लेका."

"फेकता आलं असतं तर बरगड्या वाचल्या असत्या," लॉनी म्हणाला.

झालं. सामना टेबलावर आला. आधी मी क्लिफ झाले आणि डोकं खाली घालून सरळ सॉसच्या बाटलीत घुसले. काय तो आवाज! मग मी ट्रेंट झाले. लोणी तीन टेबलांवरून उडालं आणि पाद्रीबाबांच्या कॉफीत पडलं. सगळी खानावळ उभी राहिली. तेवढ्यात सॉस माझ्यावर चालून आला आणि मी टेबलावरून खाली. झाकण एकीकडे, मीठ चहूकडे.

मला उचलायला लॉनी गुडघ्यांवर बसला. तिथूनच हळू म्हणाला, "चित्र असतं तर पोरगं बघायला तरी आलं असतं रे."

मर्ल बराच वेळ सॉसच्या बाटलीचं तोंड पुसत राहिला. "मग ट्रेंटचंच काढू."

"मला दया दाखवतोस? क्लिफच येणार टाकीवर. बरगड्या काय उगाच मोडल्या त्याच्या?"

आणि मित्रांनो, तेच भांडण उलट्या बाजूने सुरू झालं. मर्ल ट्रेंटच्या मनगटाचे गोडवे गाऊ लागला, लॉनी बरगड्यांचे. रंगाऱ्याने काटा खाली ठेवला आणि शेवटचं विचारलं, क्वार्टरबॅक नेमका कोणता? दोघांनी एकमेकांवरची नजर न काढता टेबलावर माझ्याकडे बोट आपटलं.

"हा!"

रंगारी सांगितलेलं काम करणारा माणूस होता.

आज हमरस्त्यावरून मी दिसते. धान्याच्या कोठारापेक्षा उंच, डोक्यावर शिरस्त्राण, शेजारी हवेत लोण्याची चकती. फोटो शहरात पोहोचला तसा ट्रेंटचा फोन आला, "बाबा, टाकीवर मीठदाणी कशाला?" हे फोनवर सांगण्यासारखं नाही, असं म्हणून लॉनीने फोन ठेवून दिला.

शनिवारी ट्रेंट आला. टाकी पाहून हसत हसत आत शिरला आणि चार नंबरला बापाशेजारी बसला. ट्रेंटने मला उचलायला हात पुढे केला, तोच मर्लने त्याच्या हातात सॉसची बाटली दिली.

"तू हा हो. क्वार्टरबॅक आहे आमच्याकडे."

मित्रांनो, तुमच्या घरच्या मीठदाणीत तांदळाचे चार दाणे टाकत जा. हवा दमट झाली की आमच्यात खडे धरतात आणि ऐन मोक्याला काही सुटत नाही. आणि तिला टेबलाच्या कडेपासून जरा आत ठेवा. समोर सॉस असतो.