वर्नाबाईंच्या पॅडची कबुली

मी एक जुना पॅड आहे, मित्रांनो, कागद लावून लिहायचा. वर लोखंडी चाप, खाली कॉफीचा डाग. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावात वर्ना कोल्टरमन टपाल वाटायच्या, तेव्हापासून मी त्यांच्या काखेत आहे. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी करमेना. मग त्यांनी कोर्टात शपथ घेऊन बिनपगारी काम पत्करलं. आईबापांपासून दूर, परक्या घरी राहणाऱ्या मुलांना भेटायचं, त्यांचं भलं कशात आहे ते न्यायाधीशांना कळवायचं. न्यायाधीश टटलबाई एकदा म्हणाल्या, इतके नेटके अहवाल दुसऱ्या कुणाचे येत नाहीत. मला कॉलर असती तर मी ती ताठ केली असती.

मग आला वेस्ली. वय सहा आणि तोंडाला कुलूप. काहीही विचारा, उत्तर त्याची तेरा वर्षांची बहीण रेलिन देणार. दोघं अशाच एका परक्या घरी, हर्बेककाकूंकडे राहत होती. दूरच्या गावचं एक जोडपं एकट्या वेस्लीला दत्तक घ्यायला तयार होतं. बहीण त्याला बोलू देत नाही, वेगळा राहिला तर फुलेल, असं सरकारी कागदात होतं. तीन भेटींनंतर वर्नाबाईंनीही तेच लिहिलं. मी तो कागद मोठ्या ऐटीत घट्ट धरून ठेवला.

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी त्या पुन्हा गेल्या. हर्बेककाकूंनी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर तिकडच्या रीतीप्रमाणे दालचिनीचे गोड रोल वाढले. रोलवरचा पाक माझ्यावर सांडला, म्हणून काकूंनी कागद काढून मला पुसलं आणि खिडकीत ठेवलं. वेस्लीने मला हळूच उचललं, पुस्तकांवर तिरपं टेकवलं आणि माझ्यावरून खेळण्यातल्या मोटारी सोडू लागला. आणि पठ्ठ्याचं तोंड जे सुटलं ते थांबेचना. कुठली मोटार किती पळते, काकूंचा कुत्रा कसा घोरतो, सगळं. वर्नाबाई फरशीवर मांडी घालून ऐकत राहिल्या.

"इतकं छान बोलतोस," त्या म्हणाल्या, "मग एरवी रेलिनला का बोलायला लावतोस?"

"मीच सांगितलंय तिला. मी बोललो की माणसं लिहून घेतात. लिहून घेतलं की आम्हाला दुसऱ्या घरी नेतात. चार वेळा नेलं."

दारात उभी रेलिन म्हणाली, "म्हणून मी म्हटलं, तू गप्प बस, बोलणी मी खाते."

मित्रांनो, मला फार लाज वाटली. पोराला भीती बहिणीची नव्हती, माझी होती.

"हे मी न्यायाधीशबाईंना सांगू का?" वर्नाबाईंनी विचारलं.

वेस्लीने बराच विचार केला. "सांग, वर्नाआजी. पण लिहू नको."

सोमवारी त्या मला घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या, तेव्हा माझा चाप रिकामा होता. आधीचा अहवाल चुकला, माझंच चुकलं, असं त्यांनी सरळ कबूल केलं. या मुलीने भावाला दाबलेलं नाही, सांभाळलं आहे, त्यांना तोडू नका, म्हणाल्या. टटलबाईंनी वेस्लीकडे पाहिलं. तो त्यांच्या पेनाकडे पाहत होता. त्यांनी टोपण लावलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"रेलिन जिथे, तिथे मी," वेस्ली म्हणाला. स्वतःच्या तोंडाने.

हर्बेककाकू दोघांना ठेवून घ्यायला तयारच होत्या. हुकूमही तसाच झाला.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. एखादं मूल बोलायला लागलं, की मला खुशाल पालथं टाका आणि त्याच्याकडे बघा. लिहायचं काय, मागाहूनही लिहिता येतं.