बरा झालेला शिंपी

धाकटी नेमकं काय काम करते हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नाही याचं तिला बरंच वाटायचं. तिचा थोरला भाऊ शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत हिचं टेबल आणि कॉम्प्युटर, मध्ये एक दार, ते कायम उघडं. तिकडे दादाचं मशीन चालायचं, इकडे हिची बोटं. माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दादा गळ्यातली टेप सावरत सांगायचा, आत माझी बहीण बसलीय, लेखिका आहे. गिऱ्हाईक आदराने दाराकडे बघायचं आणि लेखिका आत कानकोंडी होऊन बसायची.

लेखिका म्हणजे काय, तर तिचा मालक डोळ्यांच्या व्यायामाचा एक कोर्स विकायचा. ‘चष्म्याला सुट्टी’ असं त्याचं नाव. कोर्स होता वेबसाइटवर, आणि वेबसाइटचं दुकानासारखं नसतं. रस्त्याने जाता जाता कुणी आत डोकावत नाही. माणसं आणावी लागतात. ती आणायचं काम धाकटीचं. कुठल्यातरी भलत्याच साइटवर, आरोग्याच्या नाहीतर घरगुती सल्ल्याच्या, एक लेख टाकायचा आणि शेवटी एक निळी ओळ ठेवायची. त्या ओळीवर बोट ठेवलं की वाचणारा थेट मालकाच्या दारात.

आता एकच लेख सगळीकडे टाकला तर सर्चमध्ये तो मागे पडतो. म्हणून धाकटी एका लेखाचे दहा करायची. वाक्यं उलटीसुलटी करायची, शब्द बदलायचे आणि प्रत्येक लेखाला नवा धनी द्यायचा. कुठे निवृत्त शिक्षिका, कुठे ट्रक चालवणारा, कुठे बँकेतला कारकून. सगळ्यांची नजर अधू झालेली आणि सगळ्यांची व्यायामाने सुधारलेली. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं ती स्वतःच हसून म्हणायची. तिचे डोळे ठणठणीत होते. तो व्यायाम तिने एक दिवसही केला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला डोळ्यांना काय त्रास?

पण माणसं यावीत तेवढी येत नव्हती. मालकाने एकदा फोनवर स्पष्टच सांगितलं की तुमची माणसं पुठ्ठ्याची वाटतात, यांना कुठे काही दुखतंय असं वाटतच नाही. धाकटीला ते झोंबलं. ती विचार करत बसली आणि उघड्या दारातून तिला दादा दिसला. तो सुई खिडकीकडे धरून दोरा ओवत होता. दोरा ओला करत होता, पुन्हा चुकत होता. मग त्याने कात्रीसाठी डावीकडे हात टाकला. कात्री समोर होती, तरी हात लागेपर्यंत तो चाचपत राहिला, आणि शेवटी अख्खी मान वळवून त्याने ती पाहिली.

दुसरी कुठलीही बहीण उठून गेली असती, दादा, काय होतंय म्हणून विचारलं असतं. आमच्या धाकटीने लिहायला घेतलं.

तो लेख तिने एका बैठकीत लिहिला. त्यात एक शिंपी होता. सुई, ओला दोरा, चाचपून शोधलेली कात्री, गिऱ्हाइकाला कळेल म्हणून वाटणारी धास्ती, सगळं होतं. चष्मेवाल्याने डॉक्टरकडे जा म्हटलं तरी तो शिंपी गेला नाही, त्याने व्यायाम धरला आणि काही महिन्यांत पहिल्या फटक्यात दोरा ओवला. शेवटी निळी ओळ. लेखावर उड्या पडल्या. मालकाने पहिल्यांदाच शाबासकी दिली. लेखाखाली लोक प्रश्न विचारायला लागले आणि त्यांना शिंपी बनून उत्तरं देणंही कामातच होतं. ती भराभर उत्तरं देऊन मोकळी व्हायची. कोण विचारतंय याकडे तिचं फारसं लक्ष नसायचं.

मुख्याध्यापकांच्या कोटाच्या वेळी सगळं उघडं पडलं. दादा कापड बेतत होता. डाव्या बाजूला दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कापड पसरलेलं होतं, ते त्याला दिसलंच नाही. कात्री दोन्ही कापडांतून सरळ गेली. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तो दोन्ही तुकडे हातात घेऊन नुसता उभा होता. वहिनीने कप खाली ठेवला, दुकानाला कुलूप लावलं आणि धाकटीला सांगितलं, तुमच्या भावाला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये घेऊन जा, मी गिऱ्हाइकांकडे जाऊन बोलते.

डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क होत्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी निरनिराळ्या यंत्रांसमोर दादाची हनुवटी टेकवली आणि मग सांगितलं की हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. डाव्या डोळ्याची बरीच गेलीय, उजव्याची थोडी. उरलेली थेंब घालून राखता येईल. गेलेली परत येत नाही.

दादाने मान डोलावली. चष्मेवाल्याला गेल्या वर्षीच शंका आली होती आणि त्याने लगेच डॉक्टर गाठायला सांगितलं होतं, हेही त्याने कबूल केलं. मग आला का नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं.

“मी काही एका ठिकाणी वाचून भुलणारा नाही, डॉक्टर,” दादा म्हणाला. “मी दहा ठिकाणी बघितलं. शिक्षिका होती, ड्रायव्हर होता, सगळी वेगवेगळी माणसं, आणि सगळी एकच सांगत होती. दहा माणसं कशाला खोटं बोलतील? त्यातला एक तर शिंपीच. माझंच दुखणं, अगदी कात्रीपर्यंत. त्याला मी विचारलं सुद्धा. चष्मेवाला असं असं म्हणतोय, काय करू? तर म्हणाला, भाऊ, घाई करू नका, आधी व्यायामाला वेळ द्या.”

डॉक्टर थेंबांचं नाव लिहीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “हे लिहिणाऱ्याला एकदा इथे आणून बसवायला हवं.”

धाकटी तिथेच बसली होती, भावाच्या शेजारच्या स्टुलावर, त्याचा चष्मा हातात धरून. तिला ते उत्तर आठवलं. ‘एक कारागीर’ असं नाव लावून कुणीतरी विचारलं होतं आणि तिने हातातलं बिस्कीटही खाली न ठेवता लिहिलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलावं, आत्ता इथेच बोलावं असं वाटलं, आणि ती हातातल्या चष्म्याच्या काचा पुसत राहिली. दादा उठताना स्टुलाला अडखळला, तिने हात दिला, तर तो डॉक्टरांना म्हणाला, बहीण आहे म्हणून बरं.

घरी येऊन तिने सगळ्यात आधी लेख काढायला घेतले. तिने टाकलेले निघाले. पण शिंप्याचा लेख तोवर कुणी कुणी उचलून आपापल्या साइटवर नेला होता. त्या लोकांना तिने विनंत्या लिहिल्या. कुणी दाद दिली नाही. मालकाला काम सोडते म्हणून कळवलं. त्यानेही थांबवलं नाही. एवढं करून तिला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज वाटली, कारण दादाला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. दादाने मान मागे टाकली होती आणि ती त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होती. त्याने डोळे मिटून घेतले तेव्हा तिने सांगितलं. मिटलेल्या डोळ्यांपुढे सांगणं सोपं गेलं, हाही भित्रेपणाच. शिक्षिका मीच, ड्रायव्हर मीच, दहाही मीच. शिंपी तुझ्याकडे बघून लिहिला. तुला उत्तर दिलं तेही मीच.

थेंबाचं पाणी गालावर उतरलं, ते त्याने पुसलं नाही.

“म्हणजे तो बरा झाला नाही?” त्याने विचारलं.

“तो नव्हताच, दादा.”

“हं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, त्याला जमलं तर मलाही जमेल.”

ती रडायला लागली. तुझ्या पाया पडते, हवं ते बोल, मार मला, असलं काहीबाही बोलत राहिली. दादा नेहमीसारखा समजूत घालेल, असं कुठेतरी आत तिने धरूनच ठेवलं होतं. त्याने डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेने पूर्ण मान वळवली.

“माझ्या प्रश्नाखाली एका बाईने विचारलं होतं,” तो म्हणाला. “तिच्या मुलाला फळ्यावरचं दिसत नव्हतं. डॉक्टरकडे नेऊ का म्हणत होती. तिला काय सांगितलंस?”

धाकटीने लेख काढला होता, त्याबरोबर खालचे प्रश्नही गेले होते आणि विचारणारेही. त्या बाईला शोधायचं कुठे, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

“तेच,” ती म्हणाली.