बिनवाघाचा मध

माथेरानच्या बाजारात मी दुकान घातलं ते १९२१ साली. माझं गाव खालापूरच्या अलीकडे. घरी भाताची शेती आणि आम्ही चार भाऊ. शेतात माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. म्हणून नेरळहून छोट्या गाडीने वर आलो आणि बाजाराच्या टोकाला एक पडवी भाड्याने घेतली. काठ्या, वेताच्या टोपल्या, चामड्याच्या चपला आणि मध, एवढा माल. हवा खायला आलेले मुंबईचे लोक चपला घेत, काठ्या घेत, मधाची बाटली मात्र हुंगून परत ठेवत. गुळाचं पाणी मध म्हणून खपवणारे तेव्हा पुष्कळ होते. मी शपथा घ्यायचो. शपथ ऐकली की गिऱ्हाइकाचा संशय वाढतो, हे कळायला मला दोन हंगाम लागले.

मध आणून द्यायची ठमी. डोंगराच्या पोटात ठाकरांची वाडी होती, तिथून ती डोक्यावर टोपलं घेऊन चढून यायची. टोपल्यात दोन सुके भोपळे, भोपळ्यांत मध. वय तिशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, बोलणं हळू. तिचा नवरा लडकू कड्यावरची मोहोळं उतरवायचा. ठाकरं कुणालाच अहो-जाहो करत नसत. तीही मला शेट म्हणायची आणि तू म्हणायची.

एकदा वैशाखात गिरगावातल्या एक बाई दुकानात आल्या. बाटली उन्हात धरून म्हणाल्या, "खरा आहे कशावरून?"

मी नेहमीसारखी शपथ घेतली. बाईंनी बाटली खाली ठेवली. ठमी पायरीवर बसून तळव्यातला काटा काढत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "बाय, जरा कडवट लागल. जांभळीचा हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"वर दोर धरून मीच तर व्हते."

बाई थांबल्या. ठमी सांगू लागली, काटा काढता काढता.

"कडा उभा हाय. माझा घरवाला दोराला धरून खाली उतारतो. वर अंजनीचं झाड हाय, त्याला दोराचा येढा देयाचा नि दोर मी हातात धरायचा. तो मला दिसत नाय. एक हिसका दिला की सोडायचं, दोन दिलं की थांबायचं, तीन दिलं की वढायचं. उतरताना तो गानं म्हनतो. गानं थांबलं की समजायचं, धूर केला, माशा उठल्या. तवा मी पन गप."

"आणि गाणं परत सुरू झालंच नाही तर?" बाईंनी विचारलं.

"झालं की. तवाच तर ह्यो मध हितं आला."

बाईंनी दोन बाटल्या घेतल्या. संध्याकाळी त्या शेजारच्या बंगल्यातल्या मंडळींना घेऊन परत आल्या.

दुसऱ्या दिवशी मी ठमीला म्हणालो, "आठवड्यातून दोन दिवस दुकानात बसशील का? गिऱ्हाइकांशी बोलायला."

तिने थोडा विचार केला. "बसंन. पन जे झालं तेवढंच सांगन."

ती बसू लागली. ते दिवस आठवले की अजून मला त्या पडवीतल्या लाल मातीचा वास येतो. प्रत्येक भोपळ्याची तिची हकीकत वेगळी असायची. हा हिरड्याचा, ह्या वेळी लडकूच्या कानाला माशी चावली आणि दोन दिवस कान भाकरीएवढा झाला. हा कारवीचा, कारवी कैक वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा असा मध परत मिळेपर्यंत तुमची पोरं मोठी झालेली असतील. एकदा लडकूला कड्यावर लटकलेला असताना शिंक आली आणि हिसका समजून तिने दोर सोडला, तो हातभर खाली गेला. ते सांगताना ती स्वतःशीच हसायची. पोळ्याचा एक पदर माशांसाठी ठेवायचा असतो, हेही ती सांगायची. फिरायला निघालेले लोक काठ्या टेकून ऐकत उभे राहायचे. पुढल्या हंगामात मुंबईहून पोस्टकार्डं येऊ लागली: दोरवाल्या बाईंचा मध ठेवा.

माझं चुकलं ते यानंतर.

ठमी मोहोळांच्या दिवसांत वाडीवरच असायची. तेव्हा तीच हकीकत मी सांगायचो, अगदी तिच्याच शब्दांत. पण लोकांचं लक्ष लागेना. कड्याकडे मी कधी गेलो नव्हतो, ते माझ्या तोंडावरून त्यांना दिसत असावं. एका दुपारी गिऱ्हाईक उठून चाललेलं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तेवढ्यात खालच्या जाळीत वाघ आला." ते गिऱ्हाईक परत बसलं.

मग वाघ रोज येऊ लागला. आधी नुसता गुरगुरायचा. पुढे त्याने दोराखाली बसून लडकूची वाट बघितली. हंगाम संपता संपता लडकूने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हातातल्या कोयत्याने त्याला पळवून लावलं होतं.

ठमी परत आल्यावर एका पारशी म्हाताऱ्याने तिला वाघाची गोष्ट सांग म्हणून आग्रह केला. ती म्हणाली, वाघ नव्हता. म्हातारा हिरमुसून निघून गेला. ठमी माझ्याकडे वळली.

"शेट, वाघ कुठनं आला?"

"गोष्ट आहे, ठमे. लोकांना बरं वाटतं."

"मंग मध बी गुळाचाच दे की. गोडच लागल त्यांना."

तरी मी वाघ सोडला नाही. ती दुकानात यायची बंद झाली. मध तेवढा वाडीतल्या पोशाबरोबर पाठवायची. पोशा बाजारात लाकडाच्या मोळ्या घेऊन यायचा.

१९२४ च्या वैशाखात एका हॉटेलात दोन साहेब उतरले होते. कुणीतरी त्यांना वाघाची बातमी दिली. त्यांनी खालच्या गावच्या पाटलाला बोलावणं धाडलं आणि वाडीतल्या सगळ्या पुरुषांना हाका करायला जुंपलं. चार दिवस डबे वाजवत, ओरडत ती माणसं रानातून फिरत होती. बंदुकांच्या आवाजाने कड्यावरची मोहोळं उठून गेली. जांभळीच्या मधाचे तेच आठ दिवस असतात, पुढे पाऊस. लडकूच्या पायात बांबूचा खुंट घुसला आणि आरपार निघाला. एक सांबर मारून साहेब निघून गेले.

हे मला पोशाने सांगितलं. मोळी उतरवून तो म्हणाला, "वाघाची खबर दिली कुनी, तेच कळत नाय, शेट. वाडीत समदे इचारतात."

"ठमी काय म्हणते?"

"ती कायच बोलत नाय."

म्हणजे ठमीला ठाऊक होतं आणि तिने माझं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर कुणालाच कधी कळलं नसतं. दुपारपर्यंत दुकानात बसलो, पण हातून काही होईना. शेवटी फळी लावली आणि पोशाबरोबर डोंगर उतरलो.

लडकू अंगणात बसला होता, पायाला हळद आणि पाला बांधून. दहापंधरा माणसं जमली. मी उभ्यानेच सांगितलं, की वाघ माझा, दुकानातला. मध खपावा म्हणून मी तो रचला होता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लडकू म्हणाला, "मी त्याला कोयत्यानं मारला म्हनं?"

"पळवून लावलास."

"बरं झालं. मारला असता तर कातडं मागितलं असतं त्यांनी."

दोघंतिघं हसले. ठमी हसली नाही. ती म्हणाली, "वरच्या कपारीत एक मोहोळ ऱ्हायलंय. ह्याचा पाय असा, तर पोशा उतरंल. सकाळी दोर धराया तू ये."

रात्र मी वाडीतच काढली. सकाळी कड्याच्या काठावर ठमी पुढे आणि मी मागे, असा दोर धरला. पळसाच्या मुळांचा तो दोर तळहाताला काचत होता. पोशा खाली गेला आणि दिसेनासा झाला. त्याचं गाणं ऐकू येत होतं, भसाडं. मग ते थांबलं. खालून धूर वर आला. माझं सारं अंग त्या दोराला लागून होतं आणि दोर हलत नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. ठमीचे खांदे माझ्यापुढे होते; ते जरासुद्धा हलले नाहीत. एवढे दिवस ती जे सांगत होती आणि मी ज्यात वाघ घालत होतो, ते हे होतं. तीन हिसके आले तेव्हा मला रडू फुटलं. "वढ," एवढंच ती म्हणाली.

त्या हंगामातलं तेवढंच एक मोहोळ. उरलेले दिवस मी दुकानात येईल त्याला सांगत राहिलो की वाघ नव्हता. काही लोक चिडले, पुष्कळांनी मध घेणं सोडलं. दिवाळीनंतर एका सकाळी दार उघडलं तर ठमी पायरीवर बसलेली. कुठला मध आहे, एवढं तिने सांगितलं आणि आत येऊन बसली.

लडकूचा पाय पुन्हा कड्यावर उतरण्याइतका धड झाला नाही. पोशा उतरू लागला. ठमी आणखी आठ वर्षं दुकानात बसली. मग लेक कशेळ्याकडे दिली होती तिच्याकडे ती आणि लडकू राहायला गेले. मध अजून ठेवतो मी. लोक घेतातही. पण दुकानात ऐकत उभी राहिलेली ती माणसं, उन्हाला लागलेल्या त्या बाटल्या आणि ते हळू बोलणं यांची आठवण येते.

गेल्या आषाढात दुकान बंद होतं म्हणून कशेळ्याच्या बाजाराला गेलो होतो. गर्दीत तो आवाज ऐकू आला. इरल्याखाली बसून ठमी करटोली विकत होती. समोर एक मास्तरीण बाई पिशवी धरून उभ्या होत्या. वेल कुठल्या खडकाआड होता, सकाळी तिथे जाताना ओढा कसा गुडघ्यावर आला होता, ते ती त्यांना सांगत होती. केस पांढरे झाले होते. मी बाईंच्या मागे उभा राहिलो.

बाई करटोली घेऊन गेल्या तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"शेट, तू कवाचा उबा हायस रं?"

"ओढ्याच्या आधीपासून," मी म्हणालो.

ठमीने पोत्याची कड सारून मला बसायला जागा केली.